परत येणाऱ्या चपात्या

दुपारी टेम्पो परत आला की त्यात आमच्याच चपात्या असायच्या. सकाळी ज्या क्रेटमध्ये गरम भरून दिल्या त्याच क्रेटमध्ये, गार, कडक, कडा वर वळलेल्या. टेम्पोवाला मागचं फळकूट खाली पाडायचा आणि म्हणायचा, "काकी, पोरी माहेरी आल्या." पहिल्यांदा हसू आलं होतं. पुढे पुढे त्याला सांगितलं, गप क्रेट उतरव.

खरवईच्या टोकाला, नव्या इमारतींच्या मागच्या रस्त्यावर आमचा भाड्याचा गाळा आहे. तिथे चपात्या होतात आणि बदलापूरच्याच एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या कॅन्टीनला जातात. भाजी, डाळ, भात तिथला आचारी करतो. चपाती आमची. तेव्हा आम्ही चौघी होतो. माझी थोरली जाऊ पीठ मळायची. अंबरनाथच्या बुवापाड्यातून एक बाई यायची, ती लाटायची. माझी सून भाजायची आणि फोन बघायची. मी क्रेट भरायचे आणि सगळ्यांवर ओरडायचे. मी चौथी शिकले आहे, जाऊ तेवढीही नाही.

जाऊ गाळ्याच्या मागच्या खोलीत राहते. तिला मूल नाही, नवरा जाऊन खूप वर्षं झाली. आमचं जुनं घर बिल्डरला दिलं तेव्हा माझ्या मुलाला फ्लॅट मिळाला. तिच्या वाट्याचं भावकीत कुठे मुरलं ते तिने विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. मुलाच्या फ्लॅटवर तिला एकदा नेऊन ठेवली होती. ती दिवसभर दाराजवळ बसून राहायची, जणू कोणाची तरी वाट बघून तिला परत जायचं आहे. संडासलाही विचारून जायची. शेवटी मीच तिला गाळ्यावर आणून सोडलं. तिथे आल्यावर तिने आधी चूल पेटवली आणि मग जेवली.

म्हणून कंत्राट गेलं तर काय होणार हे मला नीट माहीत होतं. कंत्राट गेलं की गाळा गेला. गाळा गेला की जाऊ परत त्या दाराजवळ बसणार, मरेपर्यंत. बाकी तिघींचं काहीतरी झालं असतं.

कारखान्यातले जुने साहेब रिटायर झाले आणि कॅन्टीन एका मॅडमकडे आलं. तरुण, शांत बाई. आल्या दिवशी त्या ओरडल्या नाहीत, याचीच मला भीती वाटली. ओरडणारा माणूस ओरडून मोकळा होतो. त्यांनी परतीच्या क्रेटचे फोटो काढले होते. ते मला एकेक करून दाखवले.

"मावशी, हे रोजचं आहे."

"जेवणाचं आहे मॅडम. कमी पडण्यापेक्षा उरलेलं बरं."

"उरलेल्याचे पैसे कंपनी देते. वरून विचारतात मला. अंबरनाथला एकाने मशीन लावलंय, इकडून पीठ घातलं की तिकडून चपाती पडते. तो म्हणतो, सांगाल तेवढीच देतो. महिनाअखेरपर्यंत हे खाली आणा, नाहीतर मला त्याला द्यावं लागेल."

"मशीनची चपाती खाल्लीय का तुम्ही?"

"खाल्लीय. वाईट नाही."

खरं बोलल्या. मला खोटं बोललेलं चाललं असतं.

त्याच आठवड्यात तबेलेवाल्याने चपात्या घेणं बंद केलं. आजवर परतीचा माल तोच नेत होता. तो म्हणाला, म्हशीचं पोट फुगलं, डॉक्टर बोलवावा लागला, आता तुमचं अन्न नको. मग सुनेने चपात्या इमारतींच्या मागे मोकळ्या जागेत नेऊन टाकल्या. दुसऱ्या दिवशी तिथे गावभरची कुत्री आणि कावळे. इमारतीतला एक माणूस बर्म्युडा घालून गाळ्यावर भांडायला आला. म्हणजे चपात्या करायला आम्हाला माणसं होती, खायला माणसं नव्हती, आणि फेकायला जागाही नव्हती. मी त्या कडक चपात्या मिक्सरला लावून त्याचे लाडू करून पाहिले. दोन दिवस सगळ्यांना दिले. तिसऱ्या दिवशी टेम्पोवाला म्हणाला, काकी, मला डायबेटीस आहे. त्याला डायबेटीस नव्हता.

मॅडम एका सकाळी गाळ्यावर आल्या. चपला बाहेर काढून आत आल्या, हे जावेला आवडलं. मला म्हणाल्या, "आज तुम्ही कामाला नाही असं समजा. या कोपऱ्यात उभ्या राहा आणि फक्त बघा. हात लावायचा नाही आणि बोलायचं नाही."

"बोलायचं नाही हे जमणार नाही त्यांना," सून म्हणाली.

"कोण उगाच चालतंय, कोण कोणासाठी थांबलंय, कुठली गोष्ट दोनदा होतेय, एवढंच बघा. ज्याने चपाती चांगली होत नाही ते सगळं वाया."

मी उभी राहिले. बुवापाड्याची लाटता लाटता माझ्याकडे बघून म्हणाली, "काकी, एसटी स्टँडवरच्या कंट्रोलरसारख्या दिसताय. शिट्टी देऊ का आणून?"

पहिला तास मला काहीच दिसलं नाही. रोजचंच होतं सगळं. मग खाली लक्ष गेलं. आमच्या फरशीवर पीठ सांडतंच. सकाळी पुसलेली फरशी थोड्या वेळाने पांढरी होते. त्या पिठात पायवाट उमटली होती, बांधावर उमटते तशी. नळापासून परातीपर्यंत, परत नळापर्यंत. जाऊ प्रत्येक परातीला उठत होती, तांब्याभर पाणी आणत होती, गुडघ्यावर हात ठेवून खाली बसत होती. तिचे गुडघे दुखतात म्हणून मी तिला तेल आणून देत होते. बादली सरकवायचं आमच्यापैकी एकीलाही सुचलं नव्हतं.

मग दिसायला लागलं ते थांबेना. बुवापाड्याचीचा हात पाण्यासारखा चालतो, पण तिच्या पोळपाटाशेजारी लाटलेल्या चपात्या पडून सुकायच्या, कारण तवा एकच. पीठ गिरणीतून चाळून यायचं आणि आम्ही ते पुन्हा चाळायचो, कारण माझ्या सासूने चाळलं होतं. आणि मी स्वतः तव्यावरून उतरलेली गरम चपाती थेट क्रेटमध्ये रचत होते. तिची वाफ आतच राहायची. तळातल्या चपात्यांना घाम फुटायचा, त्या एकमेकींना चिकटायच्या. कामगार वरच्या सुट्या उचलायचे आणि खालचा गठ्ठा आमच्याकडे परत यायचा. इतकी वर्षं मी म्हणत होते की आजकालच्या पोरांना चपाती जात नाही.

आम्ही बादली परातीजवळ आणली. दुसरी शेगडी मांडली. दुसऱ्यांदा चाळणं बंद केलं. बुवापाड्याचीने बांबूच्या टोपल्या उपड्या घालायला सांगितल्या, त्यावर चपाती आधी निवू द्यायची आणि मग भरायची. काम असं सरळ व्हायला लागलं की आम्ही टेम्पो यायच्या आधी मोकळ्या होऊ लागलो. मी मनात म्हटलं, जमलं.

आठवड्याने टेम्पोतून आधीपेक्षा जास्त क्रेट परत आले.

मला आधी वाटलं, दुसऱ्या कोणाचे आहेत. चपात्या तर चांगल्या होत्या. मऊ, सुट्या. चांगल्या चपात्या, परत आलेल्या. मी टेम्पोच्या मागे एक चपाती हातात घेऊन उभी राहिले. खराब होत्या तेव्हा निदान कारण होतं.

मॅडमचा फोन आला. त्या रागावल्या नव्हत्या, थकल्या होत्या. "मावशी, हे काय झालं? मी वर सांगून बसलेय की सुधारणा चालू आहे."

दुसऱ्या सकाळी मी पुन्हा कोपऱ्यात उभी राहिले. या वेळी कोणी चेष्टा केली नाही. जावेने नेहमीच्या पराती मळल्या, हात धुतला, माझ्याकडे न बघता पिठाच्या डब्याचं झाकण पुन्हा उघडलं.

"बाय, ही अजून एक परात कशाला?"

"वेल हाय ना."

"वेळ आहे म्हणून मळायचं?"

"मग काय करू? भट्टी पेटलेली आणि हात मांडीवर ठेवून बसू? अवदसा येल घरात."

म्हणजे आम्ही जे चालणं वाचवलं, थांबणं वाचवलं, ते सगळं तिने मळून टाकलं होतं.

पण ती एकटी नव्हती. मी त्या दिवशी सुरुवातीपासून शेवटापर्यंत बघितलं. कॅन्टीनचा माणूस सकाळी फोनवर माणसं किती ते पाठवायचा. तो जास्तच पाठवायचा, डबा आणणारेही त्यात धरायचा. सून ते वाचून जावेला चपात्यांचा आकडा सांगायची नाही, पराती सांगायची, आणि सांगताना एक परात वाढवायची. जाऊ प्रत्येक परात शिगेला भरायची. बुवापाड्याची पातळ लाटायची, तेवढ्याच पिठात तिच्या जास्त निघायच्या आणि तिला त्याचा अभिमान होता. शेवटी मी क्रेटवर एक थर चढवायचे, कोणी पाहुणा आला तर असू दे म्हणून. प्रत्येकीला वाटत होतं की आपणच तेवढं थोडं जास्त घालतोय. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं.

मी दुपारी सगळ्यांना बसवलं आणि हे सांगितलं. सून म्हणाली, "आई, मग सरळ मोजून करूया. आकडा येतोच की."

सगळ्यांनी जावेकडे बघितलं.

आमच्याकडे चपात्या, भाकऱ्या मोजत नाहीत. मोजलेल्या अन्नाची बरकत जाते. माझी आई मोजत नव्हती, सासू मोजत नव्हती. पण जावेचं नुसतं तेवढंच नव्हतं. कंत्राट नवीन होतं तेव्हा सून नुकतीच लग्न होऊन आली होती. शिकलेली मुलगी, तिने एक दिवस हौसेने मोजून चपात्या भरल्या. नेमक्या त्याच दिवशी कारखान्यात ओव्हरटाइमची माणसं थांबवून घेतली होती आणि आम्हाला कोणी कळवलं नव्हतं. चपात्या संपल्या. बरीच माणसं नुसत्या भातावर उठली. तिथला सुपरवायझर मोटरसायकलवरून गाळ्यावर आला. समोर जाऊ बसली होती. तो तिला म्हणाला, आमची माणसं काय भिकारी वाटली का तुम्हाला? तिच्या हाताला पीठ होतं. ती उठून उभीही राहू शकली नाही. तो गेल्यावर ती सुनेला एक शब्द बोलली नाही, पण त्या दिवसापासून या गाळ्यात कोणी मोजलं नाही.

"बाय," मी म्हटलं, "तेव्हा माणसं वाढली होती. मोजल्याने कमी नाही पडलं."

"तुला काय म्हायती? मोजलं त्याच दिशी पडलं. आधी नाय, मागून नाय. त्याच दिशी."

"आता नाही मोजलं तर कंत्राट जाईल."

"जाऊंदे. उपाशी कोण नको उठायला."

"गाळा जाईल."

"जाऊंदे."

"मग तू कुठे राहशील?"

तिने बोटांवरचं वाळलेलं पीठ नखाने काढायला सुरुवात केली. "त्या पोराच्या घरात मोजून जेवतात," ती म्हणाली. "विचारतात, किती घेणार. मी दोन सांगतां. तिसरी मागाची लाज वाटतं."

सून खाली मान घालून बसली. ती विचारते हे खरं आहे. जास्त होऊ नये म्हणून विचारते. मॅडमने आम्हाला जे शिकवलं तेच ती घरी आधीपासून करत होती.

मी चोरूनही करून पाहिलं. पिठाच्या डब्यात एक मापटं ठेवलं आणि जावेला सांगितलं, किडे होऊ नयेत म्हणून ठेवलंय. ती म्हणाली, मला काय येडी समजतंस, आणि मापटं उचलून बाहेर कुंडीत ठेवलं. महिना संपत आला होता. मला जेवण जात नव्हतं. एक दिवस मी परतीच्या क्रेटमधल्या चपात्या फडक्याखाली झाकल्या, म्हणजे बाकीच्यांना दिसू नयेत. मग फडकं काढलं. कोणापासून झाकणार होते?

सुचलं ते काही शहाणपणाने सुचलं नाही. मुलाच्या घरी गेले होते. मुलगा जेवत होता, सून तव्यावरून एकेक चपाती वाढत होती. तो म्हणाला, पुरे. सुनेने उरलेला गोळा डब्यात घालून झाकण लावलं. मी बघत राहिले. आज तिने किती घेणार ते आधी विचारलं नव्हतं, मोजलं नव्हतं, आणि तरी काही परत येत नव्हतं. पीठ पीठच राहिलं तर ते वाया जात नाही. चपाती झाली की मग ती कोणाच्या तरी पोटात गेलीच पाहिजे.

मॅडमना सांगितलं. क्रेट कमी पाठवते, वरचं पीठ मळून पाठवते, एक बाई तिथे तवा घेऊन बसेल, लागेल तशी करून देईल.

"कॅन्टीनच्या हॉलमध्ये गॅस चालत नाही मावशी. फायरवाले मला उलटं टांगतील."

"मग विजेची शेगडी."

त्या कुठे कुठे फिरल्या मला माहीत नाही. चार जणांच्या सह्या लागल्या म्हणे. शेवटी एक दिवस मिळाला. फक्त एक. त्यांनी त्यांच्या माणसाकडून डबा आणणारे वगळून खरी माणसं काढून घेतली. सुनेने जावेला पराती सांगितल्या, वाढवल्या नाहीत. मी वरचा थर चढवला नाही, हात सारखा तिकडे जात होता. जावेला मी म्हटलं, तूच चल. तिथे तुला कोणी मोजायला सांगणार नाही. भूक दिसेल, लाटत जा.

गेटवर सिक्युरिटीने तिच्या गळ्यात पास अडकवला आणि केसांवर टोपी चढवायला दिली. ती म्हणाली, "पोल्याच्या बैलाला सजवतात तसा काय चाललाय?" पण टोपी घातली.

पहिला गोंधळ लगेच झाला. गरम चपातीचा वास सुटला आणि सगळे जावेसमोर रांग लावून उभे राहिले. क्रेटमधल्या चपात्यांकडे कोणी बघेना. मी भिंतीला टेकून उभी होते, मला वाटलं संपलं, क्रेट जसेच्या तसे परत जाणार. जावेने दोन मिनिटं बघितलं. मग लाटणं उगारलं.

"ए पोरांनो, ती काय सवतीची हाय? आधी ती खा, मग माझ्याकडे ये."

"आजी, एक तरी गरम द्या."

"तुझी बायको देतं का रोज गरम?"

"ती पण ड्यूटीला जाते आजी."

"मग जेव गुमान."

हसत हसत पोरं क्रेटकडे वळली. क्रेट खाली होत गेले. मग जाऊ लाटायला लागली. मी तिला कितीतरी वर्षांनी लाटताना बघत होते. ज्याच्या ताटात संपली त्याला ती आपणहून विचारायची, आणखी एक? तो नको म्हणाला की लाटणं थांबवायची. मॅडम दारात उभ्या होत्या.

आणि मग पीठ संपलं. शेवटची पाच-सहा माणसं होती. त्यातल्या एकाच्या ताटात चपाती नव्हती. उंच, पिकल्या मिशांचा माणूस, ताट पुढे धरून उभा. जावेने पातेलं वाकडं करून त्याला दाखवलं. पातेल्यात काही नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं. तो चेहरा मी त्या सुपरवायझरच्या दिवशी पाहिला होता.

"राहू द्या आजी," तो म्हणाला, "भात आहे ना. उद्या दोन जादा घेईन."

"नको, थांब. पीठ मागवतां."

"अहो, मला भातच आवडतो. घरी बायको देत नाही, शुगर आहे म्हणून."

तो जाऊन बसला. जाऊ टोपी न काढता त्याच्याकडे बघत उभी राहिली. त्याने भात घेतला, डाळ घेतली, परत भात घेतला, ढेकर दिली, ताट धुतलं. गेला. तिने पदराने शेगडीच्या आजूबाजूचं पीठ गोळा केलं आणि खाली बसली.

मॅडमनी क्रेट वाकून बघितले. "मावशी, झालं. हे असंच ठेवा. पुढच्या टेंडरपर्यंत मी मशीनवाल्याचं नाव काढू देत नाही."

टेम्पोत जाऊ माझ्या शेजारी बसली होती. शिरगाव आलं. मग म्हणाली, "तो खरा जेवला ना गो?"

"जेवला."

"तू बघितलंस?"

"बघितलं."

इथे थांबलं असतं तर बरं झालं असतं.

कारखाना आम्हाला चपातीमागे पैसे देतो. पाठवली तेवढ्याचे, मग ती खाल्ली काय आणि परत आली काय. आता चपात्या कमी म्हणजे पैसेही कमी. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण महिनाभर मी एकाच भीतीत होते, तिच्यापलीकडचं दिसत नव्हतं. पैसे हातात आले तेव्हा दिसलं. आम्ही फेकत होतो त्या चपात्याच एका बाईचं घर चालवत होत्या. मॅडम तर सहज म्हणून गेल्या, "आता तुम्हाला एक हात कमी लागत असेल ना? तोही फायदाच." त्यांनी वाईट मनाने म्हटलं नाही. हिशेबाने बरोबरच होतं.

मीच काम सोडून उठले असते तर? विचार केला. पण मी गाळ्यातून पगार घेतच नव्हते, मी उठून काही वाचत नव्हतं. सून घरची. जावेचं सगळं त्या गाळ्यातच. राहिली एकच.

बुवापाड्याचीला मी दुपारी सांगितलं. ती पोळपाट धूत होती. मी फिरवून बोलत नाही.

"पुढच्या महिन्यापासून तुला नाही जमणार ठेवायला."

तिने नळ बंद केला. "माझं लाटणं बिघडलं का?"

"नाही. तुझ्याएवढं कोणी लाटत नाही."

"मग?"

"चपात्या कमी झाल्या. तू बघतेस."

ती हसली, पण ते हसू चेष्टेचं नव्हतं. "आधी सांगायचं होतं ना काकी. कारखान्यातल्या आजीची गंमत ऐकून मी घरी जाऊन पेढे वाटल्यासारखं सांगितलं, काम टिकलं म्हणून." मग म्हणाली, "उल्हासनगरला जीन्सचे धागे कापायला बायका घेतात. बघते. डोळे चालतात तोवर चालेल."

"मी विचारू कोणाला?"

"नको. तुम्ही आता कुठे विचारायला जाऊ नका."

महिना संपेपर्यंत ती आली. तशीच भराभर लाटत राहिली, पातळ, गोल. मला वाटत होतं तिने मुद्दाम हळू करावं, चार शिव्या द्याव्यात. तिने काहीच केलं नाही.

तिला सांगितलं त्याच संध्याकाळी जावेने मला मागच्या खोलीत बोलावलं होतं. दार लावून घेतलं.

"आपण मळू अजून एक परात."

"कशाला?"

"तिच्यासाठी. करू जादा, पाठवू. येतील परत तर येतील. म्याडमला काय सांगायचं ते सांग. मी टाकीन लांब नेऊन, कोणाला कळणार नाय."

"बाय, ते मोजतात आता."

"थोडीशीच."

"मशीनवाला टपून बसलाय. एक महिना वर गेलं तर सगळंच गेलं. तू पण गेलीस."

"मला कुठं विचारलं तू, जाऊ का राहू?"

विचारलं नव्हतं. तरी मी नाही म्हटलं. दोनदा म्हटलं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली, आणि नंतर कित्येक दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. रोज टेम्पोत बसून कॅन्टीनला जाते. तिथे ती पोरांशी बोलते, हसते, असं टेम्पोवाला सांगतो.

बुवापाड्याची गेल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी मी पोळपाट घेतला. माझी मनगटं आता फिरत नाहीत. चपाती एका बाजूला जाड, एका बाजूला फाटकी. सून तव्याजवळ उलथनं घेऊन उभी, तवा तापून धूर यायला लागला. जाऊ टोपी हातात घेऊन उंबऱ्यावर बसलेली. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला, मग आत डोकावून म्हणाला, "काकी, लेट होतंय."

"थांब," मी म्हटलं.

तो थांबला. सून थांबली होती, तवा थांबला होता, जाऊ थांबली होती, सगळे माझ्यासाठी. मला ते कोपऱ्यात उभं न राहताही दिसत होतं. मी दुसरा गोळा घेतला.